करदात्याचे वास्तव्य
(परदेशी शिक्षण व नोकरी यांच्या संदर्भात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

मनुष्य कोठे राहतो हा प्रश्न वरकरणी अगदी सोपा वाटतो. शेजाऱ्याला विचारावे, पोस्टमनला विचारावे, उत्तर तत्काळ मिळते. परंतु हाच प्रश्न प्राप्तिकराच्या कायद्याने विचारला की त्याचे स्वरूप पालटते. ज्याचे घर, आईवडील आणि मतदारयादीतील नाव भारतात आहे असा तरुण कायद्याच्या दृष्टीने भारताचा ‘अनिवासी’ ठरू शकतो. उलट, चार वर्षे अमेरिकेत सलग राहिलेला विद्यार्थी तेथील करखात्याच्या लेखी तेथेही ‘अनिवासी’च असू शकतो. उच्च शिक्षणासाठी दरवर्षी फार मोठ्या संख्येने भारतीय विद्यार्थी परदेशी जातात आणि त्यांपैकी अनेक जण पुढे तेथेच नोकरी धरतात. प्रवेश, शिष्यवृत्ती, शैक्षणिक कर्ज, व्हिसा या सर्वांचा विचार घरोघर होतो. कराचा विचार मात्र बहुधा शेवटी, आणि पुष्कळदा एखादी नोटीस आल्यानंतर होतो. म्हणून या विषयाची मूलतत्त्वे येथे भारत आणि अमेरिका या दोन देशांच्या संदर्भात मांडावयाची आहेत.

प्रारंभी तीन कल्पना एकमेकींपासून वेगळ्या केल्या पाहिजेत. पहिली नागरिकत्वाची. पासपोर्ट कोणत्या देशाचा, हे ती सांगते. दुसरी परदेशात राहण्याच्या परवान्याची, म्हणजे व्हिसाची. तिसरी करविषयक वास्तव्याची. सर्वसामान्य समजूत अशी, की पहिल्या दोन गोष्टी ठरल्या म्हणजे तिसरी आपोआप ठरते. ही समजूत खरी नाही. अमेरिका आपल्या नागरिकांवर ते जगात कोठेही राहत असले तरी कर आकारते हे खरे. परंतु भारतासह बहुतेक देश नागरिकत्व पाहून कर बसवीत नाहीत, ते वास्तव्य पाहतात. वास्तव्याचा निर्णयही एकदाच होऊन संपत नाही. तो प्रत्येक वर्षी नव्याने करावा लागतो, आणि प्रत्येक देश तो आपापल्या कायद्यानुसार, दुसऱ्याला न विचारता करतो. पुढील सर्व विवेचनाचा गाभा एवढाच आहे.

वास्तव्याला हे महत्त्व का आले, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. भारतात प्राप्तिकर प्रथम १८६० साली जेम्स विल्सन यांनी आणला. १८८६ आणि १९२२ या सालच्या कायद्यांनी त्याला स्थिर रूप दिले. तथापि त्या काळी मुख्य भर असे तो उत्पन्न कोठे निर्माण झाले किंवा कोठे हाती आले यावर. १९३९ च्या दुरुस्तीने निवासी, निवासी परंतु सामान्यतः निवासी नसलेला, आणि अनिवासी अशी करदात्यांची त्रिविध विभागणी भारतीय कायद्यात रूढ झाली. १९६१ च्या कायद्याने ती कायम ठेवली. १ एप्रिल २०२६ पासून अमलात आलेल्या २०२५ च्या नव्या प्राप्तिकर कायद्याने भाषा सुटसुटीत केली, ‘पूर्व वर्ष’ आणि ‘आकारणी वर्ष’ या जोडगोळीऐवजी ‘कर वर्ष’ हा एकच शब्द योजला. वास्तव्याचे निकष मात्र मूलतः तेच राहिले आहेत.

जागतिक पातळीवरही हा विचार याच सुमारास आकार घेत होता. पहिल्या महायुद्धानंतर करांचे दर वाढले आणि एकाच उत्पन्नावर दोन देश कर मागू लागले. तेव्हा राष्ट्रसंघाने चार अर्थशास्त्रज्ञांकडे हा प्रश्न सोपविला. त्यांचा अहवाल १९२३ साली प्रसिद्ध झाला. मनुष्याचे आर्थिक हितसंबंध ज्या देशाशी जडलेले असतात त्या देशाला त्याच्याकडून कर घेण्याचा अधिकार असावा, असा त्यातील विचाराचा रोख होता. परंतु हितसंबंध मोजावयाचे कसे? मनुष्याच्या मनातील हेतू पाहावा, की त्याच्या पायांखालची भूमी? हेतूविषयी वाद अंतहीन होतात. म्हणून कायदे हळूहळू दिवसांच्या मोजणीकडे वळले. अमेरिकेत तर १९८४ पर्यंत परकीय व्यक्तीचे वास्तव्य तिच्या हेतूवरून आणि एकंदर परिस्थितीवरून ठरविले जाई. त्या वर्षीच्या कायद्याने तेथे दिवसांच्या गणिताची कसोटी आणली. या बदलाने निश्चितता आली. त्याबरोबरच एक विचित्र गोष्टही आली: विमानाच्या तिकिटावरील तारखेला कायदेशीर वजन प्राप्त झाले.

आता भारतीय नियम पाहू. आर्थिक वर्षात, म्हणजे १ एप्रिल ते ३१ मार्च या काळात, जी व्यक्ती १८२ किंवा अधिक दिवस भारतात असते ती निवासी होय. याशिवाय दुसरी एक कसोटी आहे. वर्षात किमान ६० दिवस आणि त्याआधीच्या चार वर्षांत मिळून किमान ३६५ दिवस भारतात असलेली व्यक्तीही निवासी ठरते. या दुसऱ्या कसोटीला भारतीय नागरिकांसाठी सवलती आहेत. नोकरीसाठी किंवा भारतीय जहाजावरील कर्मचारी म्हणून जो नागरिक देश सोडतो, त्याच्या बाबतीत त्या वर्षापुरते ६० ऐवजी १८२ दिवस धरले जातात. परदेशी असलेला नागरिक भेटीसाठी येतो तेव्हाही १८२ दिवसांचीच मर्यादा लागते. मात्र परदेशातील उत्पन्न वगळता त्याचे उत्पन्न १५ लाख रुपयांहून अधिक असेल, तर २०२०-२१ पासून ही मर्यादा १२० दिवसांवर आणली गेली आहे.

या सवलतींच्या यादीत शिक्षणाचा उल्लेख नाही. ‘नोकरी’ या शब्दाचा अर्थ केरळ उच्च न्यायालयाने काहीसा व्यापक करून स्वतःच्या व्यवसायासाठी परदेशी जाणेही त्यात समाविष्ट मानले आहे. परंतु केवळ विद्यार्जनासाठी जाणारा त्यात सहज बसत नाही. याचा परिणाम काय होतो, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. १० ऑगस्ट २०१५ रोजी हैदराबादहून निघालेल्या एकाच विमानात शेजारी बसलेले दोन तरुण कल्पावेत. एक अमेरिकेत नोकरीवर रुजू होण्यासाठी निघाला आहे, दुसरा अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी. दोघेही तोवर कधी भारताबाहेर राहिलेले नाहीत. १ एप्रिलपासून त्या दिवसापर्यंत दोघांचे भारतातील दिवस सारखेच, म्हणजे १३२ भरतात. नोकरदाराला १८२ दिवसांची मर्यादा लागू असल्याने तो संपूर्ण २०१५-१६ या वर्षासाठी अनिवासी ठरतो. विद्यार्थ्याला ६० दिवसांचीच मर्यादा लागू असल्याने तो संपूर्ण वर्ष निवासी ठरतो. भारतात वर्षाचे दोन तुकडे करण्याची सोय नाही. ब्रिटनमध्ये ठरावीक परिस्थितीत तशी सोय आहे. येथे मात्र व्यक्ती एक तर पूर्ण वर्ष निवासी असते किंवा पूर्ण वर्ष अनिवासी.

निवासी ठरल्याचे दोन परिणाम होतात. पहिला असा, की ऑगस्ट ते मार्च या काळात त्या विद्यार्थ्याने विद्यापीठाच्या ग्रंथालयात किंवा प्रयोगशाळेत काम करून जे वेतन मिळविले असेल, तेही भारतातील उत्पन्नात धरले जाते. कारण निवासी व्यक्तीच्या जगभरच्या उत्पन्नावर भारताचा अधिकार चालतो. ही रक्कम बहुधा लहान असते आणि पुष्कळदा करमुक्त मर्यादेच्या आत राहते. जास्त असली आणि तिच्यावर अमेरिकेत कर भरलेला असला, तर त्या कराची वजावट करारानुसार मागता येते.

दुसरा परिणाम अधिक गंभीर आहे. सामान्यतः निवासी असलेल्या व्यक्तीचे परदेशात बँक खाते असेल, तर तिचे उत्पन्न करमुक्त मर्यादेखाली असले तरी तिला विवरणपत्र भरावे लागते आणि त्यात परदेशी मालमत्तेची नोंद करावी लागते. विद्यापीठाच्या आवारातील बँकेत शुल्क आणि घरभाडे देण्यासाठी उघडलेले खाते हीदेखील परदेशी मालमत्ताच होय. २०१५ च्या काळा पैसा कायद्याने अशी नोंद न केल्यास १० लाख रुपये दंडाची तरतूद केली. प्रारंभी, वर्षभरात एकूण शिल्लक ५ लाख रुपयांपलीकडे न गेलेली बँक खाती तेवढी या दंडातून वगळली होती. १ ऑक्टोबर २०२४ पासून स्थावर मालमत्ता सोडून इतर परदेशी मालमत्तेचे एकूण मूल्य २० लाख रुपयांपर्यंत असेल तर हा दंड लागत नाही. ही सूट दंडापुरती आहे, नोंद करण्याचे कर्तव्य तिने संपत नाही, हे ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. ज्याने आयुष्यात कधी कर बुडविला नाही, किंबहुना ज्याच्यावर कर देण्याची वेळच आलेली नाही, असा बावीस वर्षांचा विद्यार्थी केवळ अज्ञानामुळे या तरतुदीच्या कक्षेत येऊ शकतो.

येथे आणखी एक गुंता आहे. परकीय चलनासंबंधीचा १९९९ चा कायदा वास्तव्याची आपली स्वतंत्र व्याख्या करतो. रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २००३ मध्ये स्पष्ट केले, की शिक्षणासाठी परदेशी गेलेले विद्यार्थी त्या कायद्यासाठी अनिवासी मानले जावेत. म्हणजे उदाहरणातील विद्यार्थी २०१५-१६ मध्ये बँकेच्या दृष्टीने अनिवासी आणि प्राप्तिकर खात्याच्या दृष्टीने निवासी होता. एकाच देशाच्या दोन कायद्यांनी एकाच व्यक्तीविषयी दोन उत्तरे दिली, आणि दोन्ही उत्तरे आपापल्या जागी बरोबर आहेत. यास्तव बँकेतील साधे बचत खाते अनिवासी साधारण खात्यात रूपांतरित करून घेतले म्हणजे करविषयक प्रश्नही सुटला, असे समजू नये.

पुढील वर्षापासून, म्हणजे २०१६-१७ पासून, चित्र बदलते. विद्यार्थी आता परदेशी आहे आणि सुटीत केवळ भेटीसाठी येतो. उन्हाळ्यात दोन-अडीच महिने घरी राहिला तरी सवलतीमुळे तो अनिवासी राहतो. तेव्हापासून भारत त्याच्या केवळ भारतात निर्माण होणाऱ्या उत्पन्नावर कर घेतो: मुदत ठेवीचे व्याज, घराचे भाडे, समभागांच्या विक्रीतील नफा इत्यादी.

आता अमेरिकेकडे वळू. तेथे करवर्ष १ जानेवारी ते ३१ डिसेंबर असे असते. दोन देशांच्या वर्षांची टोके जुळत नाहीत, ही बाब दोन्हीकडची विवरणपत्रे भरताना सतत लक्षात ठेवावी लागते. परकीय व्यक्तीचे वास्तव्य ठरविणारी तेथील कसोटी अशी: चालू वर्षात किमान ३१ दिवस उपस्थिती हवी, आणि चालू वर्षाचे सर्व दिवस, मागील वर्षाच्या दिवसांचा एक तृतीयांश व त्यामागील वर्षाच्या दिवसांचा एक षष्ठांश यांची बेरीज किमान १८३ हवी. या कसोटीने पाहिले तर पूर्ण वर्ष शिकणारा विद्यार्थी सहज निवासी ठरेल. परंतु एफ-१ व्हिसावरील विद्यार्थ्याचे पहिल्या पाच कॅलेंडर वर्षांतील दिवस मोजलेच जात नाहीत. देहाने तो तेथे असतो, गणनेत नसतो.

ही पाच वर्षे पहिल्या दिवसापासून साठ महिने अशी मोजावयाची नाहीत. वर्षाचा एखादा तुकडादेखील पूर्ण वर्ष धरला जातो. ऑगस्ट २०१५ मध्ये पोहोचलेल्या विद्यार्थ्याची पाच वर्षे २०१५ ते २०१९ ही होत. तोच विद्यार्थी जानेवारी २०१६ च्या सत्रात पोहोचला असता, तर ती २०१६ ते २०२० अशी झाली असती. पाच महिन्यांच्या अंतराने एक संपूर्ण करवर्ष पुढे सरकते.

यातून एक चमत्कारिक स्थिती उद्भवते. २०१६ आणि २०१७ या वर्षांत उदाहरणातील विद्यार्थी अमेरिकेत अनिवासी आहे आणि एप्रिल २०१६ पासून भारतातही अनिवासी आहे. दोन्ही देश त्याला परका मानतात. याचा अर्थ तो करमुक्त झाला असा मात्र नाही. अनिवासी व्यक्तीही त्या त्या देशात निर्माण होणाऱ्या उत्पन्नावर कर देतेच. अमेरिकेत मिळविलेल्या वेतनावर तो अमेरिकेला कर देतो आणि भारतातील ठेवींच्या व्याजाचा हिशेब भारताला देतो.

अनिवासी विद्यार्थ्याने अमेरिकेत काय भरावे? उत्पन्न असो वा नसो, फॉर्म ८८४३ हा प्रत्येकाने भरावयाचा असतो. आपले दिवस का मोजले जाऊ नयेत, याचे ते निवेदन होय. वेतन मिळाले असेल, किंवा शिष्यवृत्तीचा काही भाग करपात्र असेल, तर त्यासोबत १०४०-एनआर हे अनिवासींचे विवरणपत्र भरावे लागते. पदवीच्या विद्यार्थ्याला मिळालेल्या शिष्यवृत्तीपैकी शिक्षणशुल्क, पुस्तके व आवश्यक साधने यांवर खर्च झालेली रक्कम करमुक्त असते. भोजन व निवास यांसाठी दिलेली रक्कम करपात्र असते. वेतन मिळालेल्याने १५ एप्रिलपर्यंत विवरणपत्र द्यावयाचे असते. केवळ फॉर्म ८८४३ द्यावयाचा असल्यास १५ जूनपर्यंत मुदत असते. आईवडिलांनी भारतातून पाठविलेला शिक्षणाचा आणि उदरनिर्वाहाचा खर्च हे मात्र विद्यार्थ्याचे करपात्र उत्पन्न नव्हे, असे दोन देशांमधील कराराचे एकविसावे कलम सांगते.

हा करार १२ सप्टेंबर १९८९ रोजी झाला आणि डिसेंबर १९९० मध्ये अमलात आला. त्याच्या याच कलमात भारतीय विद्यार्थ्यांना आणखी एक महत्त्वाचा लाभ दिलेला आहे. अमेरिकेत निवासी करदात्याला उत्पन्नातून एक प्रमाणित वजावट मिळते. २०२४ सालासाठी एकट्या व्यक्तीची ही वजावट १४,६०० डॉलर होती. सामान्यतः अनिवासी व्यक्तीला ती मिळत नाही. भारतीय विद्यार्थ्याला ती या कलमामुळे मिळते. चीनच्या विद्यार्थ्याला त्या देशाच्या करारानुसार ५,००० डॉलर वेतनापर्यंत सूट आहे. म्हणजे एकाच वर्गातील दोन परदेशी विद्यार्थ्यांचा कर सारख्याच वेतनावर वेगवेगळा येऊ शकतो. आठवड्याला वीस तास काम करणाऱ्या भारतीय विद्यार्थ्याचे संपूर्ण वेतन पुष्कळदा या वजावटीतच सामावते आणि कापलेला संघीय कर परत मिळतो. परंतु तो परत मागावा लागतो. विवरणपत्रात कराराचा आणि कलमाचा उल्लेख केल्यावाचून तो आपण होऊन कोणी देत नाही. घटक राज्यांचे कर पुन्हा निराळे. कॅलिफोर्नियासारखी काही राज्ये या करारांना बांधील नाहीत, तर टेक्सासमध्ये वैयक्तिक प्राप्तिकरच नाही.

प्रमाणित वजावटीप्रमाणे दुसरी बाब सामाजिक सुरक्षा आणि मेडिकेअर यांच्या वर्गणीची. ती वेतनाच्या एकूण ७.६५ टक्के असते आणि मालकालाही तितकीच भरावी लागते. अनिवासी विद्यार्थ्याला आपल्या व्हिसाच्या अटींनुसार केलेल्या कामावर ही वर्गणी लागू होत नाही. शिक्षणानंतर मिळणाऱ्या ऐच्छिक प्रत्यक्ष प्रशिक्षणाच्या काळातही, व्हिसा एफ-१ चाच असल्याने, पाच वर्षे संपेपर्यंत ही सूट चालू राहते. हे प्रशिक्षण बारा महिन्यांचे असते. विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी व गणित या शाखांच्या पदवीधरांना आणखी चोवीस महिने मिळू शकतात. लहान आस्थापनांच्या वेतन विभागाला ही तरतूद ठाऊक नसते आणि वर्गणी कापली जाते. वर्षाला ६०,००० डॉलर वेतन असलेल्या तरुणाच्या बाबतीत ही रक्कम ४,५९० डॉलर होते. अशा वेळी प्रथम मालकाकडे परतावा मागावा, आणि त्याने नकार दिल्यास करखात्याकडे अर्ज करावा, असा मार्ग आहे. त्यालाही मुदत आहे.

याच काळात होणारी सर्वांत प्रचलित चूक म्हणजे चुकीचे विवरणपत्र. बाजारातील लोकप्रिय संगणकीय साधने प्रामुख्याने निवासींसाठी बनविलेली असतात. विद्यार्थी एखाद्या मित्राच्या सल्ल्याने त्यांपैकी एक वापरतो, निवासींचे १०४० हे विवरणपत्र भरतो, आणि त्यात शिक्षणखर्चासाठी असलेली, कमाल २,५०० डॉलरपर्यंतची करसवलतही घेतो. परतावा मोठा येतो, म्हणून आनंद होतो. परंतु ती सवलत अनिवासी विद्यार्थ्याला नसते. जो परतावा आपला नव्हता तो व्याजासह परत करावा लागतो. शिवाय पुढे कायम वास्तव्याच्या परवान्यासाठी अर्ज करताना जुनी विवरणपत्रे तपासली जाऊ शकतात. चूक लक्षात येताच सुधारित विवरणपत्र भरणे हाच येथे राजमार्ग होय.

समभागांच्या बाबतीतही सावधगिरी हवी. अमेरिकन बँकेतील ठेवीच्या व्याजावर अनिवासी विद्यार्थ्याला कर नसतो. त्यावरून समभागांच्या नफ्यावरही नसेल, असा तर्क केला जातो. परंतु वर्षात १८३ किंवा अधिक दिवस प्रत्यक्ष उपस्थित असलेल्या अनिवासी व्यक्तीच्या अशा नफ्यावर सर्वसाधारणपणे ३० टक्के कर लागतो, आणि येथे विद्यार्थ्याचे दिवस न मोजण्याची सवलत उपयोगी पडत नाही. आकडा तोच, १८३. पण नियम वेगळा.

शिक्षण संपून नोकरी सुरू झाली म्हणजे दुसरे पर्व सुरू होते. उदाहरणातील तरुणाने मे २०१७ मध्ये पदवी घेतली, प्रशिक्षण म्हणून एका आस्थापनेत काम केले, आणि १ ऑक्टोबर २०१८ पासून त्याचा व्हिसा एच-१बी झाला. त्या दिवसापासून त्याचे दिवस मोजले जाऊ लागले. वर्षअखेरपर्यंत ते ९२ भरले. ही संख्या १८३ हून कमी असल्याने २०१८ या वर्षी तो अनिवासीच राहिला आणि त्याने १०४०-एनआर भरले. सामाजिक सुरक्षेची वर्गणी मात्र १ ऑक्टोबरपासूनच लागू झाली, कारण ती सूट विद्यार्थ्याच्या व्हिसाशी निगडित होती. १ जानेवारी २०१९ पासून तो प्राप्तिकरासाठी निवासी झाला. त्याच्याबरोबर ऑगस्ट २०१५ मध्ये आलेला आणि प्रशिक्षणाच्या व्हिसावरच राहिलेला वर्गमित्र २०१९ मध्येही अनिवासी होता. दोघे एकाच कार्यालयात, एकाच वेतनावर काम करीत असतील, तरी त्यांची विवरणपत्रे भिन्न आणि हाती येणारे वेतनही भिन्न.

अमेरिकेत निवासी झाल्यावर जगभरचे उत्पन्न तेथे दाखवावे लागते, आणि भारतात मागे राहिलेली लहानसहान खाती एकाएकी महत्त्वाची होतात. आजोबांनी नातवाच्या नावे ठेवलेली मुदत ठेव, वडिलांबरोबरचे संयुक्त खाते, सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी हे सर्व त्यात आले. भविष्य निर्वाह निधीचे किंवा अनिवासी बाह्य खात्याचे व्याज भारतात करमुक्त आहे, म्हणून ते अमेरिकेतही करमुक्त असते असे नव्हे. करमुक्ती ज्या देशाने दिली त्या देशापुरतीच ती चालते. याशिवाय परदेशी खात्यांतील एकत्रित शिल्लक वर्षातील कोणत्याही दिवशी १०,००० डॉलरपलीकडे गेली, तर त्या खात्यांची माहिती अमेरिकेच्या वित्त खात्याला स्वतंत्रपणे द्यावी लागते. संयुक्त खात्यातील पैसा वडिलांचा असला तरी खाते या गणनेत येते. ही माहिती दडून राहील अशी आशा करणेही व्यर्थ आहे. खात्यांच्या माहितीची देवाणघेवाण करण्याचा करार भारत व अमेरिका यांनी जुलै २०१५ मध्ये केला, आणि त्यानुसार बँका आपल्या खातेदारांकडून त्यांच्या करविषयक वास्तव्याचे निवेदन घेतात.

भारतीय उत्पन्नावर भारतात कर कापला गेला असेल, तर तोच पैसा दोनदा करात जाऊ नये म्हणून करारानुसार वजावट मिळते. अनिवासी साधारण खात्याच्या व्याजातून भारतीय बँक मुळातच ३० टक्के व त्यावरील अधिभार-उपकर कापते. अमेरिकेच्या निवासी व्यक्तीने तेथील करनिवासाचे प्रमाणपत्र आणि इतर विहित कागद दिले, तर कराराप्रमाणे हा दर सामान्यतः १५ टक्क्यांवर येतो. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की हे प्रमाणपत्र निवासी व्यक्तीलाच उपयोगी पडते. जो विद्यार्थी अमेरिकेत अनिवासी आहे त्याला या दराचा आधार मिळत नाही. दोन्ही देशांत परका असण्याची ही किंमत आहे.

शेवटी परतीचा प्रवास. समजा, तोच तरुण १५ जानेवारी २०२५ रोजी कायमचा भारतात परतला, आणि मधल्या वर्षांत तो तीन-चार आठवड्यांच्या भेटींपुरताच आला होता. ३१ मार्चपर्यंत त्याचे ७६ दिवस झाले. ६० दिवस उलटले. पण आधीच्या चार वर्षांत ३६५ दिवस भरले नव्हते, म्हणून २०२४-२५ मध्ये तो भारतात अनिवासीच राहिला. २०२५ साली अमेरिकेत त्याचे ३१ दिवसही झाले नाहीत, त्यामुळे तेथेही तो निवासी नाही. १ एप्रिल २०२५ पासून तो भारताचा निवासी झाला. तथापि लगेच संपूर्ण भार त्याच्यावर पडत नाही. मागील दहा वर्षांपैकी नऊ वर्षे अनिवासी असलेली, किंवा मागील सात वर्षांत ७२९ दिवसांहून अधिक भारतात नसलेली व्यक्ती ‘सामान्यतः निवासी नसलेली’ मानली जाते. भारतातून चालविलेल्या व्यवसायाचे उत्पन्न सोडले, तर परदेशात निर्माण होऊन तेथेच मिळालेल्या तिच्या उत्पन्नावर भारत कर घेत नाही. परदेशी मालमत्तेची नोंद करण्याचे बंधनही या अवस्थेत नसते. या तरुणाला २०२५-२६ आणि २०२६-२७ अशी दोन वर्षे ही सवड मिळते. तो भारतातच राहिल्यास २०२७-२८ पासून अमेरिकेतील त्याचे खाते, समभाग व निवृत्ती निधी हे सर्व येथील विवरणपत्रात आले पाहिजेत.

ही मोजणी करताना २०१५-१६ हे वर्ष कामी येते. मागील दहा वर्षांत अनिवासी वर्षे किती, हे सांगावयाचे तर विद्यार्थिदशेच्या पहिल्या वर्षी आपण कोण होतो हे सिद्ध करता आले पाहिजे. दहा वर्षांपूर्वीच्या विमानप्रवासाचा पुरावा बहुतेकांपाशी नसतो. जुना पासपोर्ट नव्याबरोबर रद्द होऊन परत येतो आणि अडगळीत पडतो. तो टाकून देऊ नये. प्रवेश व निर्गमनाचे शिक्के, तिकिटे, विद्यापीठाचे प्रवेशपत्र, प्रत्येक वर्षाचे वेतनपत्रक, फॉर्म ८८४३ ची प्रत आणि दोन्ही देशांची विवरणपत्रे एका ठिकाणी वर्षवार लावून ठेवावीत. ज्या वर्षी उत्पन्न शून्य होते त्या वर्षाचा कागदही त्यात असावा. कारण कर शून्य असणे आणि निवेदन करण्याचे कर्तव्य नसणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

करकायद्याविषयी मनात भीती असणे स्वाभाविक आहे, आणि त्याची किचकट भाषा त्या भीतीत भरच घालते. परंतु येथवरच्या विवेचनातून दिसून येईल, की या विषयातील बहुतेक अडचणी मोठ्या उत्पन्नातून निर्माण होत नाहीत. त्या उद्भवतात वेळीच न विचारलेल्या प्रश्नांतून. ते प्रश्न मोजके आहेत. या वर्षी भारतात दिवस किती झाले? अमेरिकेत मोजण्याजोगे दिवस किती झाले? त्यानुसार कोणता देश जगभरचे उत्पन्न विचारील आणि कोणता केवळ आपल्या भूमीवरचे? आणि कर लागत नसला तरी कोठे काय कळवावयाचे आहे? डिसेंबरच्या अखेरीस एकदा आणि मार्चच्या अखेरीस एकदा परदेशी शिकणाऱ्या तरुणाने व त्याच्या पालकांनी हे चार प्रश्न कागदावर मांडून त्यांची उत्तरे लिहावीत. उत्तर सहज सुचत नसेल, तर जाणकार सल्लागाराकडे जाण्याची ती वेळ होय. विद्यापीठांतील परदेशी विद्यार्थ्यांच्या कार्यालयांतूनही अनिवासींच्या विवरणपत्रांसाठी साहाय्य मिळते. हा हिशेब ज्याने पहिल्या वर्षापासून ठेवला, त्याला दोन देशांच्या दोन कायद्यांमध्ये उभे राहणे अवघड जात नाही.